जेडचा जुना चिनी शिक्का घेताना

पुण्याच्या जुन्या बाजारात हिरवट कोरीव शिक्का हाती आला, तर आधी दगड तपासा, अक्षरं नंतर. चिनी शिक्के बरेचदा शोउशानसारख्या मऊ दगडाचे असतात, जेडचे कमी.

सराफी काट्यावर वजन करा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि शिक्का दोऱ्याने पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. आता दिसेल त्या आकड्याने मूळ वजनाला भागा, दगडाची घनता मिळेल. ५९ ग्रॅमच्या शिक्क्याला २० आले तर २.९५, हे नेफ्राइटशी, म्हणजे जेडच्या एका प्रकाराशी जुळतं. जेडाइट हा जेडचा दुसरा प्रकार ३.३च्या आसपास, सर्पेंटाइन हा जेडसारखा दिसणारा मऊ दगड २.६च्या आसपास. खाचांत बुडबुडे अडकले की उत्तर कमी येतं, म्हणून आधी ओल्या ब्रशने चोळा. सुरीने ओरखडा मात्र कधीच काढू नका. मऊ दगड कायमचा बिघडतो.

मग दहापट भिंग. जेड पोलादाने कोरता येत नाही, कठीण वाळूने झिजवत नेतात. जुन्या हातकामात खाचेची खोली थोडी कमीजास्त होते, टोकं निमुळती होतात. सगळ्या रेघा एकसारख्या असतील आणि तपकिरी रंग फक्त खाचांतच असेल, तर पैसे देऊ नका.

ठशाची लाल लुकण हिंगुळाची, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाची असू शकते. हात धुवाच.