हेड खोलायच्या आधी

आयटीआयत डिझेल मेकॅनिकचं एक वर्ष संपवून मी दारव्हा तालुक्यातल्या एका गॅरेजात लागलो, त्या पहिल्या जूनची गोष्ट. मृग लागायला चार दिवस होते. एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आला. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे त्याखालचा सिलिंडरांचा भाग. त्या दोघांच्या सांध्याखाली काळं, मातीनं माखलेलं ऑइल. "हेडातून गळून राह्यलं भाऊ, पेरणीच्या आंधी करून दे," एवढंच ते म्हणाले. उस्ताद सामान आणायला यवतमाळला गेले होते. मी हेड उतरवलं, नवीन गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारं सपाट पॅकिंग, टाकलं, परत बसवलं. दीड दिवस गेला. ट्रॅक्टर वखरणीला गेला आणि संध्याकाळी तसाच ओला होऊन परत आला.

उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. "पयले धुतलं होतं का रे?" त्यांनी विचारलं. मी धुतलं नव्हतं.

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी डिझेल आणि ब्रशनं हेड, ब्लॉक, सगळं स्वच्छ केलं, कपड्यानं कोरडं पुसलं. मग अंगाला लावायची साधी पावडर हेडच्या सांध्यावर आणि हेडवरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, कडेखाली बोटानं लावली. पंख्याची हवा लागते, म्हणून थोडीच, दाबून. इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. दहा-बारा मिनिटांनी त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उतरली. ती सांध्यातून निघत नव्हती. चांगली वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येत होती.

पुढचं आणखी महत्त्वाचं. पॅकिंग बदलण्याआधी त्यांनी ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहिली. हवा जाईना. ट्रॅक्टर महिनाभर गोठ्याशेजारी उभा होता, तेवढ्यात कुंभारीण माशीनं नळीत मातीचं घर बांधलं होतं. तार घातली तशी सुकी माती हातावर पडली.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भागात, उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली की आत दाब वाढतो आणि जिथं पॅकिंग कच्चं तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. अशा वेळी कितीही पॅकिंग बदला, आठवड्यात पुन्हा ओलं होणार. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून भकाभका धूर येत असेल, तर रिंगा आणि सिलिंडरच्या आतले लाइनर झिजलेत. ते शेतकऱ्याला आधीच स्पष्ट सांगा, पैसे घेतल्यावर नाही.

ऑइल खाली ओघळतं आणि पंख्याच्या हवेनं मागे सरकतं. म्हणून डाग कुठं मोठा आहे ते पाहू नका, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा. टॅपेट कव्हरचं बुचाचं पॅकिंग बदलताना कव्हरच्या कडा सपाट लादीवर ठेवून बघा. पत्र्याचं कव्हर आधीच्या कोणी जास्त आवळून वाकवलेलं असतं. कडा हळूहळू ठोकून सरळ करा, नट बेताचाच आवळा. गळती थांबत नाही म्हणून जोर लावला की बूच फाटतं.

रेघ खरोखर हेडच्या सांध्यातूनच निघाली, किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा फेस दिसला, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर मात्र हेड काढावंच लागतं. बोल्ट बाहेरून आत, थोडेथोडे सैल करत जा. जुनं गॅस्केट परत वापरू नका. दोन्ही पृष्ठं खरवडून साफ झाली की सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती घालून पाहा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जाड पाती आत जात असेल, तर हेड लेथवाल्याकडे प्लेन करायला न्या. चिकट पदार्थाचा जाड थर लावून वाकडं हेड बसत नाही.

एक गोष्ट मला कुणी वर्गात सांगितली नव्हती. ब्लॉकमधली बोल्टची भोकं वाऱ्यानं आणि चिंधीनं पूर्ण कोरडी करा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट घट्ट बसल्याचा भास होतो, हेड मात्र दबलेलं नसतं. जास्त आवळलं तर ब्लॉकला तडाही जातो. मी तडा गेलेला ब्लॉक पाहिलाय. तो ज्याचा होता त्याचा चेहराही पाहिलाय.

गॅस्केटची वरची बाजू बघून ठेवा, ऑइलचं भोक जुळतंय ना ते तपासा. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळा. आकडा त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधला हवा, शेजारच्या ट्रॅक्टरचा चालत नाही. नंतर टॅपेटची फट सेट करायला विसरू नका. टॉर्क रेंच महाग वाटतं, पण पहिल्या वर्षाच्या पगारातून मी काही घेतलं असेल तर तेच. आयटीआय करून येणाऱ्यांनी आधी धुवायचं काम मागून घ्यावं. धुताना इंजिन जेवढं कळतं तेवढं खोलताना कळत नाही.

त्या शेतकऱ्याकडून उस्तादांनी हेडच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. गेलेला दीड दिवस मात्र आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही, आणि ते मला आजही लागतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वावरात गेलो. दोन तास वखर चालल्यावर इंजिन थांबवून कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. "निंघालं का आता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि ब्रीदरची नळी कुठं असते ते त्यांना हात धरून दाखवलं.