पुस्तकांचा खर्च आणि गावातलं चर्च

अमेरिकेत शिकायला येणारी आपली मुलं फी, भाडं, विमा यांचा हिशेब घरूनच करून येतात. पुस्तकांचा मात्र कोणी करत नाही, कारण आपल्याकडे कॉलेजची बुक बँक असते, सीनियर असतात आणि काहीच जमलं नाही तर अप्पा बळवंत चौक असतो. इथे एका विषयाचं नवं कोरं पुस्तक दोनशे डॉलरला पडू शकतं. पहिल्याच आठवड्यात त्याचा रुपयांत गुणाकार करून हबकलेली मुलं मी दर ऑगस्टमध्ये बघतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सरकारी विद्यार्थी मदत मिळत नाही. कामही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही कॅम्पसवरच, आणि ते लगेच मिळतंच असं नाही.

अशा वेळी छोट्या कॉलेजगावात एक दार असतं, जे आपल्या मुलांना सहसा सुचत नाही: चर्चचं. मेथडिस्ट, लुथरन, प्रेस्बिटेरियन, कॅथलिक अशा अनेक मंडळ्या कॉलेजच्या मुलांसाठी पुस्तकांचा छोटासा फंड ठेवतात. पॅनकेक ब्रेकफास्ट, बेक सेल, तळघरातली जुन्या सामानाची विक्री अशा गोष्टींतून तो उभा राहतो. जमवणाऱ्या बहुतेक वेळा निवृत्त शिक्षिका, नर्सेस. रक्कम मोठी नसते, एखाददुसऱ्या पुस्तकापुरती. पण सेमिस्टरच्या सुरुवातीला नेमकं तेवढ्यावरच अडलेलं असतं.

फोन केला की आई विचारणारच, "धर्म तर बदलायला लावणार नाहीत ना?" प्रश्न चुकीचा नाही, जुना आहे. आनंदीबाई जोशींना अमेरिकेत शिकता यावं म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलं, तेव्हा ख्रिस्ती होण्याची अट पुढे आली. तोच पत्रव्यवहार छापून आलेला न्यूजर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी वाचला आणि कसलीही अट न घालता मैत्रीचा हात पुढे केला. आनंदीबाई 1883 मध्ये त्यांच्याच घरी उतरल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हिंदू राहूनच. दोन्ही तऱ्हेची माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. पुस्तक फंडवाल्या जुन्या मंडळ्या माझ्या अनुभवात दुसऱ्या तऱ्हेच्या. रविवारी या म्हणतील, आग्रह नसतो. "थँक यू, पण मी हिंदू आहे" एवढं सरळ सांगितलं की विषय संपतो, उलट दिवाळीबद्दल विचारतात. मदतीच्या अर्जावरच प्रार्थनासभेची हजेरी किंवा बायबल वर्गाची अट असेल, तर नम्रपणे नको म्हणा आणि पुढच्या दाराला जा. कॅम्पसला लागून असलेली मेथडिस्टांचं वेस्ली फाउंडेशन, कॅथलिकांचं न्यूमन सेंटर ही विद्यार्थ्यांसाठीचीच ठिकाणं. कुठल्या चर्चचा असा फंड आहे हे तिथे विचारलेलं चालतं.

एक गोष्ट आधीच मनाशी घट्ट धरा. हा फंड मुळात गावातल्या मुलांसाठी असतो. कम्युनिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला येणारी, दिवसा गोदामात काम करणारी, पदरात लहान मूल असलेली बाई या रांगेत तुमच्या पुढे आहे, आणि असायलाच हवी. काही फंड फक्त त्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, रहिवाशांना किंवा तिथल्या हायस्कूलमधून आलेल्यांनाच देतात. तसं असेल तर वाद घालू नका. आणि वडिलांनी सहज पाठवले असते एवढ्या पैशांसाठी तर अर्ज करूच नका. गाव छोटं असतं, नवा फोन सगळ्यांना दिसतो.

म्हणून आधी आपल्या हातातलं करून बघा. नोंदणीच्या वेळी पुस्तकाचा आयएसबीएन आणि किंमत दाखवावी, असं 2008 चा कायदा कॉलेजांना सांगतो. तो तेरा आकडी नंबर टिपून ठेवा. लायब्ररीत 'कोर्स रिझर्व्ह'ला प्रत ठेवलेली असते, दोन-तीन तास मिळते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाची ओपनस्टॅक्सची पुस्तकं ऑनलाइन फुकट आहेत. मागची आवृत्ती चालेल का, हे प्राध्यापकांना ईमेलवर विचारायला लाजू नका. भारतीय आवृत्ती घरून आणली तरी हरकत नाही. थायलंडमधून स्वस्त पुस्तकं मागवून इथे विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये निकाल दिला, तेव्हापासून तर कॉपीराइटचा प्रश्नच मिटलाय. फक्त धड्यामागचे प्रश्न कधीकधी वेगळे असतात, तेवढे लायब्ररीतल्या प्रतीशी ताडून घ्या. काही कॉलेजं पुस्तकाचे पैसे बिलातच लावून टाकतात. नको असतील तर ठराविक तारखेच्या आत 'ऑप्ट आउट' करावं लागतं.

एवढं करूनही एक गोष्ट अडते, ती म्हणजे अ‍ॅक्सेस कोड. गृहपाठ, क्विझ सगळं प्रकाशकाच्या वेबसाइटवर, आणि तिथे शिरायचा कोड एकदाच वापरता येतो. सेकंडहँड मिळत नाही, मित्राचा चालत नाही, लायब्ररीत नसतो. माझं स्पष्ट मत आहे: चर्चकडे मागायचंच असेल तर कोडसाठी मागा. पुस्तकाची सोय कुठून ना कुठून होते. मात्र फंड सांभाळणाऱ्या आजींना कोड म्हणजे काय हे बहुधा माहीत नसतं. त्यांच्या काळात पुस्तक विकत घेतलं की आपलं व्हायचं. सिलॅबसमधली ती ओळ आणि किंमत छापून न्या, पाच मिनिटं बसून समजावून सांगा.

मागायला रविवारी जाऊ नका. आठवड्यात सकाळी ऑफिसला फोन करा. फोन घेणाऱ्या सेक्रेटरीबाईंना गावातलं सगळं ठाऊक असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला विचारलेलं बरं, वर्ग सुरू झाल्यावर फंड रिकामा झालेला असतो. सोबत वेळापत्रक, सिलॅबस, किमतीचा कागद ठेवा. रोख पैसे सहसा देत नाहीत. चेक थेट बुकस्टोअरच्या नावाने निघतो किंवा पुस्तक तेच मागवतात. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरची जागा असेल आणि तुमच्याकडे तो नसेल तर रिकामी सोडून तसं सांगा. घरच्या हलाखीचं रडगाणं नको. किती कमी पडतात आणि का, एवढं पुरे.

आपल्या मनाला मिंधेपण फार लवकर लागतं. मग मुलं म्हणतात, "फुकट नको, त्याबदली मी तुमचं अंगण साफ करतो." असं ठरवू नका. पुस्तकाच्या बदल्यात काम म्हणजे मोबदल्याचं काम, आणि ते एफ-1 वर अंगाशी येऊ शकतं. मदतीशी संबंध न जोडता पॅनकेक ब्रेकफास्टला ताटल्या उचलायला स्वयंसेवक म्हणून जाणं वेगळं. शंका असेल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला आधी विचारा. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बोलावलं तर जरूर जा. शाकाहारी असाल तर घेवड्याच्या भाजीतही बेकन असतं हे लक्षात ठेवा आणि आपला एक डबा न्या. तिखट बेताचं.

आभाराचं पत्र हाताने लिहा, ईमेल नको. ते मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं जातं आणि पुढच्या वर्षीचा फंड त्यावर बराच अवलंबून असतो. कुठला विषय, पुस्तक कशाला लागलं, परीक्षा कशी गेली, इतकं पुरतं. आणि डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर बुकस्टोअर जुन्या पुस्तकाचे जे काही किरकोळ पैसे देऊ करतं त्यासाठी रांगेत उभे राहू नका. पुस्तक चर्चच्या ऑफिसात नेऊन द्या आणि आत चिठ्ठी ठेवा: कोणता कोर्स, कोणते प्राध्यापक, कोणते धडे खरंच लागले.