नमुना 22 भरून झाला, तरी ते घर सोडू नका

जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा एखाद्या संस्थेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितोय. कायदा तुमचा वाचून झालाय असं धरतो.

नवीन माणूस अडकतो तो एकाच जागी. घरात छळ झालेल्या मुलाची सामाजिक तपासणी बाल न्याय कायद्याच्या कलम 36 प्रमाणे 15 दिवसांत पुरी करायची असते; तिचा अहवाल म्हणजे नमुना 22. अहवाल बाल कल्याण समितीकडे गेला की हात आपोआप पुढच्या फाइलवर जातो. ब्रिटनमध्ये 2006 साली मुलांच्या छळावरचे 16 अभ्यास एकत्र तपासले गेले. त्याच घरात पुन्हा छळ होण्याचा धोका घटनेनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत सर्वांत जास्त आणि मग उतरत जाणारा दिसला. म्हणजे अहवालावर सही होते तेव्हा वाईट काळ अजून चालूच असतो.

त्यात हे 15 दिवस घर हमखास शांत असतं. मुंबईहून काका येऊन बसलेले, पोर आजीच्या कुशीत, बाप दारूला शिवत नाही. कुणी नाटक करत नसतं; पाहुणे आहेत तोवर सगळे खरंच नीट वागतात. मग काका रातराणीने परत जातात, आणि वाडीत कुणाचं लक्ष राहत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनदा न कळवता जा, तिसऱ्यांदा पाहुणे गेल्यावर आणि पुन्हा महिना भरताना. वेळ बदलत राहा, एखादी भेट दिवेलागणीनंतरची ठेवा. मुलाशी शाळेत, एकट्याशी बोला. पडवीत सगळ्यांसमोर विचाराल तर ‘बरा आसा’ एवढंच उत्तर मिळेल.

ब्रिटनमधल्या त्याच 16 अभ्यासांत धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी सातत्याने पुढे आल्या: आधी किती वेळा घडलंय, हेळसांड, आईवडिलांमधली भांडणं आणि त्यांचा मानसिक आजार. वळ दिसला की सगळी यंत्रणा हलते. हेळसांड मात्र ‘गरिबी आहे हो’ म्हणून सुटते, आणि पुन्हा पुन्हा घडते ती तीच. गरिबी आणि हेळसांड वेगळी कशी ओळखायची? बोटांच्या बेचक्यातली खरूज बघा. उपकेंद्रातून मलम मिळालंय, ट्यूब तशीच भरलेली, पोराने खाजवून रक्त काढलंय, तर तिथे पैशाचा प्रश्न नाही. आईच्या गोळ्यांची पाकिटंही मोजा. देवाला कौल लावून झाला आणि औषध बंद पडलं, असं होतं. कौलावर वाद घालू नका. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची पुढची तारीख तेवढी चुकू देऊ नका.

आधीच्या घटना फाइलमध्ये क्वचितच असतात. शाळेचा हजेरीपट, अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील यांच्याकडे तुकडे असतात, ते तारखांनी एका कागदावर मांडा. बागेतली राखणदार कुटुंबं आंबा संपला की निघून जातात. पुढच्या जिल्ह्याच्या कक्षाला लेखी कळवलं नाही, तर तिथे सगळं शून्यापासून सुरू होतं.

गावकीत बापाकडून हमीपत्र घेऊन मिटवा, असं सांगणारे सीनियर भेटतील. कामाला वाघ असतील, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तयार चेकलिस्टमध्ये बरोबरच्या खुणा करून ‘धोका कमी’ लिहिणं हाही तसलाच शॉर्टकट.

तरी घाबरून जाऊ नका. चारही गोष्टी असलेली कितीतरी घरं सावरतात. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. सगळं तुम्हीच पेलायचं असंही नाही: शेजारच्या काकूला मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 नंबर पाठ असला, तरी खूप काम होतं.

किनारपट्टीच्या गावांसाठी एक वेगळी यादी ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हातात पैसा नाही आणि भांडणाऱ्या घरातली दोन्ही माणसं दिवसभर समोरासमोर. वर्षभरातल्या अशा फाइली मे संपायच्या आत बाहेर काढा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या भेटी आत्ताच डायरीत लिहून टाका, नंतर पावसात एसटीचा भरवसा नसतो.