बेगमी करायला लावणारा गेम

मालवणात राहून मी गेली काही वर्षं टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम बनवतो आहे, म्हणजे बुद्धिबळासारखे, एकेका पाळीने (टर्नने) विचार करून खेळायचे गेम. या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: रिसोर्स, म्हणजे खेळणाऱ्याने खर्चायची साधनसामग्री, किती द्यायचे? थोडे दिले तर खेळणारा कंटाळतो, जास्त दिले तर गेम सोपा होतो. माझीही सुरुवात याच प्रश्नाने झाली आणि त्यात माझे सात-आठ महिने गेले.

माझा पहिला मोठा गेम मासेमारीवरचा. एक टर्न म्हणजे एक आठवडा, हाताशी तीन बोटी, आणि लागणाऱ्या गोष्टी चार: डिझेल, बर्फ, खलाशी आणि रोकड. पहिल्या आवृत्तीत दर आठवड्याला 3 डिझेल आणि 2 बर्फ मिळायचा आणि एका फेरीला नेमका तेवढाच खर्च होता. मला वाटलं, टंचाई छान साधली. माझे काका तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. त्यांना खेळायला बसवलं. दहा टर्न खेळून त्यांनी माऊस खाली ठेवला आणि म्हणाले, "मी निस्तो बसलंय. माका करूक काय ठेवलंस?"

त्यांचं बरोबर होतं. टंचाई होती, पण निवड कुठेच नव्हती. आकडा लहान केला म्हणजे टंचाई झाली असं नवख्याला वाटतं. खेळणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि एकच परवडते, तिथे टंचाई जाणवायला लागते.

मग मी फेऱ्या दोन प्रकारच्या केल्या. जवळची फेरी 2 डिझेल, 1 बर्फ. लांबची 5 डिझेल, 3 बर्फ, पण मासळी भारी भावाची. आठवड्याची आवक 6 डिझेल, 4 बर्फ. आता हिशेब करून बघा. जवळच्या तीन फेऱ्या आरामात होतात. लांबची एक होते. लांबची एक आणि जवळची एक करायची तर 7 डिझेल लागतं, म्हणजे फक्त एक कमी पडतं. त्या एका डिझेलने गेम जिवंत केला. या आठवड्यात लांबची एकच फेरी करून 1 डिझेल मागे ठेवलं, तर पुढच्या आठवड्यात दोन्ही जमतात. खेळणारे हे स्वतःहून शोधून काढायचे. ते शोधताना त्यांचा चेहरा बघणं हा मला या कामातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

दुसरी चूक काकांनीच दाखवली. मी बर्फही डिझेलसारखाच साठू दिला होता. "बर्फ काय तसोच ऱवता? विरघाळता तो!" तेव्हापासून उरलेला बर्फ पुढच्या टर्नला अर्धा होतो, आणि उरलेला एकटा तुकडा तर संपतोच. डिझेल टिकतं. खलाशांना हंगामाच्या सुरुवातीलाच उचल द्यावी लागते, म्हणून तो खर्च आधी होतो आणि फळ नंतर मिळतं. तीन रिसोर्स, तिघांचा स्वभाव वेगळा. नुसती नावं वेगळी आणि वागणं सारखं असेल तर ते एकच रिसोर्स समजा आणि दुसरा काढून टाका.

मोठ्या गेममध्येही हा स्वभाव नीट बघण्यासारखा आहे. 2010 च्या सिव्हिलायझेशन 5 मध्ये लोखंड साठत नाही. एका लोखंडावर एक तलवारबाज उभा राहतो, आणि लोखंडाची जागा हातची गेली की तो कमजोर होतो. सिव्हिलायझेशन 6 च्या 2019 च्या गॅदरिंग स्टॉर्म विस्तारात तेच लोखंड दर टर्नला थोडं थोडं कोठारात जमा होऊ लागलं. खनिज तेच, पण पहिल्यात प्रश्न 'जागा कशी राखू?' असा, आणि दुसऱ्यात 'आत्ता खर्चू की पुढे?' असा.

सरावासाठी मी सगळ्यांना बॅटल फॉर वेसनॉथ हा लढाईचा गेम सुचवतो. तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि युनिटची, म्हणजे प्रत्येक लढवय्याची, किंमत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. गावं ताब्यात घेतली की सोनं येतं. युनिट जितक्या वरच्या लेव्हलचं, तितका त्याचा देखभाल खर्च, आणि त्यातला काही भार गावं उचलतात. मोहिमेत मूळ सेटिंगनुसार उरलेल्या सोन्यापैकी 80 टक्केच पुढच्या लढाईत जातं. जिंकणारा फुगत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. त्यातला एकेक आकडा बदला, खेळा, काय बिघडतं ते वहीत लिहा. कुठल्याही कोर्सपेक्षा मला ही वही जास्त उपयोगी पडली.

आकडा बदलायचा तर मोठा बदला. सिव्हिलायझेशनचे जनक सिड मायर यांचा नियम या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे: दुप्पट करा किंवा निम्मा करा. मी आधी दहा टक्क्यांनी सरकत होतो आणि परिणाम आकड्याचा की खेळणाऱ्याच्या नशिबाचा, हेच कळत नव्हतं. कोड लिहायच्या आधी स्प्रेडशीटमध्ये टर्नवार आवक-जावक मांडा. प्लेटेस्टला, म्हणजे दुसऱ्याला गेम खेळायला देऊन बघताना, मागे बसा आणि तोंड उघडू नका. शेवटी कोणता रिसोर्स न वापरता उरला ते बघा. जो नेहमी उरतो, त्याची टंचाई नव्हतीच.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो रुतण्याने. नवव्या टर्नला केलेली चूक पंचविसाव्या टर्नला कळायची, आणि मधले सोळा टर्न माणूस हरलेला गेम खेळत राहायचा. याला माझा उपाय म्हणजे महागडी सुटका. गेममधला व्यापारी आगाऊ पैसे देतो, पण मग मासळी त्यालाच कमी भावात द्यावी लागते. माणूस वाचतो, पण किंमत मोजून. दुसरा उपाय, संकट आधी दाखवणं. इन्टू द ब्रीच या गेममध्ये शत्रू कुठे मारणार ते हल्ल्याआधीच दिसतं. माझ्या गेममध्ये वादळाचा इशारा एक टर्न आधी येतो आणि त्या आठवड्यात लांबची फेरी बंद.

आणि सगळ्यांत मोठं संकट तर पहिल्या टर्नपासूनच पडद्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ऑगस्ट ते मे हे साधारण 43 टर्न कमाईचे, पुढचे 9 नुसत्या खर्चाचे. आपल्या घराघरांत पावसाळ्याची बेगमी होते, सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ भरून ठेवतात. तीच सवय गेमने लावावी असं मला मनापासून वाटत होतं.

नवी आवृत्ती घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. 43 वा टर्न, बोटी तयार, 7 डिझेल, 4 बर्फ, वादळाचा इशारा नाही. मला वाटलं, आता लांबची आणि जवळची, दोन्ही फेऱ्या करतील. त्यांनी एकही बोट सोडली नाही, डिझेल विकून रोकड बाजूला ठेवली आणि टर्न संपवला. का, म्हणून विचारलं, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पावसात जाळी शिवूची नाय? मगे पैसे खयसून हाडतलंय?"

जाळ्यांचा खर्च मी गेममध्ये घातलाच नव्हता. त्याच रात्री घातला.