बोअरचं पाणी, युरेनियम आणि फिल्टर: या चुका टाळा

‘कैगाचा अणुवीज प्रकल्प एवढा जवळ, मग आमच्या बोअरात काही उतरत असेल की!’ खानापूरकडचे एक काका दर भेटीत हेच म्हणतात. पण कैगा काळी नदीच्या काठी, आणि काळी जाते पश्चिमेला, कारवारच्या समुद्राकडे. आपली मलप्रभा कणकुंबीत उगवते नि पूर्वेला वळते. बोअरच्या पाण्यात किरणोत्सारी काही असलंच तर ते बहुतेक खालच्या खडकातलं: युरेनियम, रेडियम, रेडॉन. कर्नाटकात ही चर्चा जास्त कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूरकडची, कारण तिथं ग्रॅनाइट. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या दगडात युरेनियम मुळातच कमी असतं. पण आपला बेळगाव जिल्हा मोठा, खडक सगळीकडे एक नाही. म्हणून आधी तपासणी, मग फिल्टर.

तपासणी म्हणजे टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा पेन, नव्हे. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम. तो पेन एकेक मिलिग्रॅम मोजणारा, त्याला हे दिसायचंच नाही. नमुनाही रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत नेऊ नका. युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि रिपोर्ट उगाच गोड येतो. म्हणजे अधिशोषण, फिल्टरचं चिकटवून धरायचं काम, बाटलीतच सुरू! प्रयोगशाळा देईल तीच बाटली वापरा. त्यात तळाशी थोडं आम्ल असेल तर ते मुद्दाम घातलेलं असतं, धुऊन टाकू नका.

पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, युरेनियम भांड्यातच राहतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘फिल्टर आहे की’ म्हणून निवांत बसणं. मीही ती केली आहे. कोलारकडे बदली झालेल्या मेव्हण्याच्या घरी मी हौसेनं सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, बसवून दिला. साबणाला फेस छान आला, रिपोर्टातलं युरेनियम मात्र जागचं हललं नाही. कारण नंतर कळलं. बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात युरेनियम बहुधा कार्बोनेटला धरून ऋणभारित होतं, आणि सॉफ्टनरचं रेझिन, म्हणजे आतले बारीक कृत्रिम मणी, धनभारित आयन पकडतं. त्याला कॅल्शियमचा भाऊबंद रेडियम सापडतो, युरेनियम निसटतं. युरेनियमला ऋणायन-विनिमय रेझिन, म्हणजे ऋणभारित आयन पकडणारं, हवं, नाहीतर आरओ. कार्बन रेडॉन पकडतो, सीझियमला झिओलाइट हे सच्छिद्र खनिज चालतं. ट्रिटियमला, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनला, यांतलं काहीच धरत नाही, कारण ते स्वतःच पाणी होऊन बसतं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात पाणी शुद्ध करायची एवढी मोठी यंत्रणा असून ते उरलंच.

योग्य माध्यम, म्हणजे फिल्टरात भरलेला कार्बन किंवा रेझिन, घेऊनही पाणी जोरात सोडलं तर फायदा नाही, त्याला कणांजवळ थांबायला वेळ हवा. शहापूरच्या एका घरातलं कार्बनचं नळकांडं मी उभं कापून पाहिलं. मधला कार्बन गच्च, जवळजवळ कोरा. पाण्यानं भिंतीलगत बोटभर रुंद वाट पाडली होती. बाहेरून सगळं व्यवस्थित. उलट्या दिशेनं पाणी सोडून थर मोकळा करायची सोय टाकीच्या फिल्टरला असते. ती वापरत जा, आणि बाहेर पडणारं पाणी ठरावीक दिवसांनी तपासा. माध्यम भरलं की चवीत काही कळत नाही.

काढलेलं माध्यम परसातल्या खतात टाकू नका. त्यानं पकडलेलं सगळं त्यातच साठलेलं असतं. झाकणाच्या डब्यात घालून पुरवठादाराला परत द्या. विकत घेतानाच विचारा, ‘परत घेणार काय?’ नाही म्हणाला तर दुसरा बघा.