उन्हाळ्यात रतनगड आणि भंडारदरा
नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा सुमारे ७० किलोमीटर आहे. मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला रतनगड चढायचा असेल, तर पहाटेच निघून रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून उजाडताच चढाईला लागावे, कारण वरच्या लोखंडी शिड्या दहानंतर हाताला चटके देतात. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. गडमाथ्यावरच्या नेढ्यातला, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातला, वारा कितीही सुखावणारा असला, तरी तिथे रेंगाळू नये.

भंडारदरा धरणाच्या जलाशयाशी आल्यावर पोहण्याचा मोह होतोच. मे महिन्यात पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडतो. तो वरून वाळून भेगाळलेला दिसला, तरी पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पुढे तळ एकाएकी खोल जातो. म्हणून गावकऱ्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागीच कमरेइतक्या पाण्यात उतरावे. धरणाच्या भिंतीजवळ मुळीच उतरू नये.