घटपर्णीला पिचर येत नाहीयेत? फवारा खाली ठेवा, आधी हवा मोजा

घटपर्णी म्हणजे किडे खाणारं झाड. नर्सरीतून आणताना त्याला सात-आठ पिचर, म्हणजे किडे पकडणाऱ्या पिशव्या, लटकत असतात, घरी आणलं की दीड-दोन महिन्यांत एकेक करून तपकिरी होतात आणि नवीन एकही येत नाही. सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालं. मी पुण्यात, पूर्वेची बाल्कनी, आणि कुणीतरी सांगितलेलं की ह्याला ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) लागते, म्हणून दिवसातून सहा वेळा फवारा, ऑफिसला गेलो की आईला फोन, "आई, जरा त्याच्यावर पाणी मार गं". झाड गेलं, पण सुकून नाही, कुजून गेलं. मधला कोंब काळा पडून हातात आला. फवाऱ्याने पान ओलं होतं, हवा ओली होते ती जेमतेम पाच-दहा मिनिटं, मग जैसे थे, आणि कोंबात साठलेलं पाणी मात्र बुरशीला पुरतं.

आधी आपल्याकडे कुठली आहे ते ओळखा कारण सगळ्या घटपर्णींना एकच हवामान चालत नाही. साधारण हजार-बाराशे मीटरच्या खाली वाढणाऱ्या त्या लोलँड, त्यांना दिवसरात्र उबदार दमट हवा लागते, अँप्युलारिया, राफ्लेसियाना वगैरे. त्याच्या वरच्या हायलँड, दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री १०-१५ अंशांपर्यंत गारवा, उदाहरणार्थ बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची राजा नावाची जात. ही राजा मुंबई-पुण्यात बाल्कनीत जगवायची म्हणजे एसी बसवलेला काचेचा कपाट लागेल, नादी लागू नका. नर्सरीत आपल्याला जी मिळते ती बहुतेक वेंट्राटा, हायब्रिड आहे आणि भलतीच सोशिक. दुसरी आपली मेघालयातली खासियाना, भारतात जंगलात सापडणारी एकमेव घटपर्णी, गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणजे भुताची टोपली म्हणतात. तीही गरम-गार दोन्ही बऱ्यापैकी सोसते, पण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नर्सरीत वाढवलेलंच रोप घ्या, कुणी जंगलातून उपटून आणलेलं स्वस्तात देत असेल तरी नको.

आता ह्युमिडिटी. मोबाइलवर दिसते ती शहराची असते, तुमच्या ग्रिलमधली नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या आणि तो खरं बोलतो का ते घरीच तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थोडंसंच पाणी घालून ओलं गचगचीत करायचं (विरघळवायचं नाही), झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर पुढे कायम सात मिळवून वाचा. माझा मीटर नऊने कमी दाखवायचा, म्हणजे मी इतके दिवस उगाचच घाबरत होतो.

आणि हा आकडा तापमानासोबतच बघायचा असतो, नुसता नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला २० टक्के दिसतं, तीच हवा, तेवढीच वाफ, रात्री २२ अंशांवर आली की ५० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून दुपारचा एक आकडा बघून हाय खाऊ नका, सकाळ-दुपार-रात्र असं आठवडाभर लिहून काढा. वेंट्राटाला ५०-६० मध्ये पिचर येतात, दुपारी थोडा वेळ ३५-४० झालं तरी सवय झालेलं झाड तग धरतं. रोजच तासन्‌तास तीसच्या खाली असेल तरच काहीतरी करायला लागतं.

पिचर म्हणजे फूल नव्हे, पानाच्या शेपटीला टोकाशी येणारी पिशवी. ते टोक बघून झाडाला काय खटकतंय ते कळतं. टोकाची कळी फुगायला लागून मग सुकून काळी पडली तर हवा कोरडी. कळी हिरवीच आहे पण महिनोन्‌महिने मुगाएवढीच राहिलीय आणि पानं लांबट, गडद हिरवी होतायत तर उजेड कमी, तिथे कितीही ह्युमिडिटी द्या, काही होणार नाही. माझ्या मते दहातल्या सात घरांत खरं दुखणं उजेडाचंच असतं आणि शिव्या हवेला पडतात. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन द्या, दुपारी ५० टक्के शेडनेट.

नवीन रोप आणल्यावर मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चार काड्या रोवून कुंडीसकट वरून घालायची, उन्हात मात्र ठेवायचं नाही, आत अक्षरशः शिजतं. पहिला आठवडा पिशवी बंद, मग दर आठवड्याला चार-पाच भोकं पाडत जायचं, दीड महिन्यात पिशवी काढून टाका. नर्सरीत ते शेडमध्ये ८०-९० टक्क्यांत वाढलेलं असतं, त्याला आपल्या हवेची सवय लागायला वेळ द्यावा लागतो. जुने पिचर तरीही वाळतील, ते जाऊ देत, नवीन पानाकडे लक्ष ठेवा.

उन्हाळ्यासाठी सगळ्यात कामाचा माझा जुगाड म्हणजे वाळ्याचा पडदा. ग्रिलच्या आतून लावला, सकाळी आणि दुपारी भिजवला की मागची हवा गारही होते आणि ओलीही. कुंड्या दाटीवाटीने ठेवल्या तरी फरक पडतो, फर्न, मनी प्लांट, अळू, सगळी एकमेकांना धरून. ताटात गोटे आणि पाणी ठेवतात त्याने उघड्या बाल्कनीत जवळजवळ काही होत नाही, वाऱ्याबरोबर सगळं जातं. ह्युमिडिफायर लावणार असाल तर नळाचं पाणी घालू नका, पानांवर पांढरी भुकटी बसते.

मुंबई, कोकण, गोव्यात ह्युमिडिटीची काळजीच सोडा, तिथे प्रश्न कोंदटपणाचा. जुलैत आठवडाभर ऊन नाही, वारा नाही, की पानांवर काळे ठिपके आलेच, मग छोटा यूएसबी पंखा मंद लावून ठेवायचा, झाडावर थेट नाही, बाजूने. विदर्भात मे महिन्यात ४४-४५ अंश असताना झाड बाहेर ठेवणं म्हणजे क्रूरपणा, कूलरच्या खोलीत खिडकीपाशी आणा, फक्त वाऱ्याच्या थेट झोतात नको. महाबळेश्वर-पाचगणीवाल्यांनी खुशाल थोड्या गार हवेच्या जाती करून बघाव्यात, जळतो आम्ही तुमच्यावर.

पाणी आरओचं किंवा पावसाचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०च्या आत बरं, शंभराच्या वर नकोच. घरच्या आरओत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असू शकतात, तेव्हा मोजूनच घाला. माती नको, खत नको, मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे), किंवा चांगलं धुतलेलं कोकोपीट. मिश्रण ओलसर राहू दे, पण कुंडी पाण्यात बुडवून ठेवू नका.

डिसेंबरात पुण्यात रात्री दहाच्या खाली गेलं की वाढ थांबते, त्याला घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा आणि झाड भिंतीलगत सरकवा. फेब्रुवारीच्या शेवटी नवीन पान सुटायला लागलं की वाळ्याचा पडदा माळ्यावरून काढून धुऊन ठेवा.